लाकडी ह्युमिडॉर की हवाबंद डबा? सिगार मुरवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

दिसायला ह्युमिडॉर (सिगारचा ओलावा टिकवणारी पेटी), कामाला डबा. निकाल आधीच सांगून टाकला, आता सविस्तर.

एका बाजूला वार्निश मारलेली लाकडी पेटी. झाकणात गोल काट्याचा आर्द्रतामापक, आतून स्पॅनिश सीडरच्या लाकडाचं अस्तर, ‘५० सिगारची क्षमता’ असा दावा. दुसऱ्या बाजूला धान्य-बिस्किटं ठेवायला वापरतात तसला प्लास्टिकचा डबा, झाकणाला सिलिकॉनची कड आणि चारी बाजूंना खटके. एकाच खोक्यातले सिगार दोन्हींत निम्मे निम्मे ठेवले आणि तेव्हापासून दोन्ही एकाच कपाटात, एकाच फळीवर आहेत.

क्षमतेचा दावा मनावर घेऊ नका. तो बारीक सिगार खच्चून भरले तरच खरा. रोबुस्टो आकाराचा सिगार साधारण ५० रिंग गेजचा (हे सिगारच्या जाडीचं माप) असतो, म्हणजे ५०/६४ इंच, जवळपास २० मिलिमीटर जाड. असे तीसएक ठेवले की पेटी भरलीच म्हणायची, कारण हवा खेळायला जागा लागते.

पेटी आली की लगेच सिगार आत ठेवायचे नसतात. कोरडं सीडर तहानलेलं असतं, ते सिगारमधलाच ओलावा ओढून घेतं. ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या असा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नये. लाकूड एका बाजूने फुगतं आणि फळ्या वाकतात. ८४ टक्के आर्द्रतेची पाकिटं रिकाम्या पेटीत टाकून झाकण दोन आठवडे बंद ठेवायचं. मी तसंच केलं. कंटाळवाणं आहे, पण काम नीट होतं.

पाकिटं म्हणजे बोवेडा कंपनीची मिळतात तसली. आत क्षारांचं संपृक्त द्रावण आणि बाहेर वाफेला वाट देणारं पातळ आवरण असतं. हवा कोरडी पडली तर पाकीट ओलावा सोडतं, जास्त दमट झाली तर शोषून घेतं. पेटीसोबत आलेला स्पंज फक्त देण्याचं काम करतो, घेण्याचं नाही. त्यात डिस्टिल्ड पाणी जरा जास्त पडलं की आतली हवा थेट पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे. तो स्पंज मी काढून टाकला. साधारण २५ सिगारमागे ६० ग्रॅमचं एक पाकीट हा हिशेब बसतो. पाकीट दाबल्यावर मऊ लागतंय तोवर ठीक. आत खडे झाले, कडक झालं, की बदला.

आता मापकाबद्दल. झाकणातला काट्याचा मापक शोभेची वस्तू आहे. डिजिटल घ्या, आणि त्याचीही परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर लगदा करायचा (मीठ विरघळून जाता कामा नये), आणि ते बूच मापकासकट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत एक दिवस ठेवायचं. संपृक्त मिठाच्या पाण्यावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा डिजिटल मापक ७१ दाखवत होता, म्हणजे त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे. काट्याचा साहेब त्याच पिशवीत ५८ वर निवांत बसला होता.

मोठा फरक पडला तो झाकणामुळे. रात्री खोलीतला दिवा बंद करून पेटीत पेटती छोटी बॅटरी ठेवली आणि झाकण लावलं. मागच्या बिजागरीच्या कोपऱ्यात प्रकाशाची बारीक रेघ स्पष्ट दिसली. जिथून उजेड बाहेर येतो तिथून ओलावाही जातो. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की ‘लाकूड आहे, थोडं श्वास घेणारच’. श्वास ठीक आहे हो, पण हवा कोरडी होती त्या दिवसांत पेटीतला आकडा ६५ वरून ५९ पर्यंत उतरायचा आणि पाकिटं निम्म्या वेळातच कडक व्हायची. काचेचं झाकण असलेल्या पेट्या तर या बाबतीत आणखी बेभरवशाच्या, कारण काच जिथे चौकटीत बसते ती आणखी एक फट.

डब्यात सीडरच्या दोन पातळ फळ्या आणि ६५ ची पाकिटं टाकली. आकडा ६५-६६ वर जाऊन बसला तो बसलाच. बाहेर दमट असो की कोरडं, त्याला काही घेणंदेणं नाही. झाकण उघडलं की दोन आकडे खाली, बंद केल्यावर थोड्या वेळात परत जागेवर.

तापमानाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोकळी हवा गार झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते, हे शाळेत शिकलेलं असतं. तंबाखू आणि लाकूड भरलेल्या बंद डब्यात मात्र हळूहळू उलटं घडतं: गरम झालं की पानं आणि लाकूड आपल्यातला ओलावा हवेत सोडतात आणि आकडा चढतो; गार झालं की तो परत आत ओढतात आणि आकडा उतरतो. त्यामुळे दुपारी दोन अंक वर दिसले म्हणून लगेच पाकिटं काढायला धावू नका. ६२ ते ६९ यांतला जो आकडा तुम्हाला पटतो तो धरा आणि तिथेच राहू द्या. सिगारला ६५ की ६७ याने फारसं बिघडत नाही, सारखं वरखाली होण्याने बिघडतं. त्याचं कारणही साधं आहे. बाहेरचं रॅपर म्हणजे एक पातळ पान, ते ओलावा पटकन घेतं आणि पटकन सोडतं. आतला फिलर, म्हणजे आत भरलेला तंबाखू, जाड, त्याला वेळ लागतो. आतला तंबाखू फुगत असताना रॅपर कोरडं असलं की ते उभं चिरतं. पेटीत ठेवलेल्यांपैकी दोन सिगारच्या पायाकडे, म्हणजे जिथे पेटवतात तिथे, केसाएवढी चीर गेली. डब्यातला एकही चिरला नाही.

तापमान १६ ते २१ अंश सेल्सिअस उत्तम. २४-२५ च्या वर सतत राहिलं तर तंबाखूच्या किड्याची भीती. याचं शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. अंडी पानातच असतात, उबेत फुटतात, अळी आतून तंबाखू खात जाते आणि किडा रॅपरला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक पाडून बाहेर पडतो. खाली तपकिरी भुकटी दिसते. सीडरच्या वासाने किडे येत नाहीत असं म्हणतात, पण त्याच्या भरवशावर राहू नये. मी नवे सिगार घट्ट बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग खोलीत, आणि पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडतो. घाई केली तर रॅपरवर दव जमतं आणि ते तडकतं. नुसत्या फ्रीजमध्ये सिगार साठवायचे मात्र नाहीत. तिथली हवा कोरडी, शिवाय सगळे वास पानात शिरतात.

डब्याची उणी बाजूही आहे. ताज्या सिगारमधून आंबवणीचा उरलेला अमोनियाचा वास निघत राहतो आणि हवाबंद डब्यात तो कोंडतो. सुरुवातीला झाकण उघडलं की नाकाला झोंबायचा. आठवड्यातून एकदा मिनिटभर झाकण उघडं ठेवतो. आता वास गेला, सीडर आणि सुक्या पानांचा गोडसर वास राहिला. या एका बाबतीत लाकडी पेटी सरस, तिथे हे आपोआप होतं. फ्लेव्हरचे सिगार कुठेही ठेवा, पण वेगळे. व्हॅनिलाचा एक सिगार सगळा डबा बिघडवतो.

मुरण्याचं म्हणाल तर फरक कळतो, पण सगळ्यांत सारखा नाही. कडक, काळ्या रॅपरच्या सिगारमधला घशाला लागणारा तिखटपणा बराच उतरला. आधी राख मधूनच पडायची आणि एक बाजू पुढे जळत जायची. डब्यातल्यांची राख आता घट्ट आणि जळण्याची रेघ सरळ. सौम्य सिगारमध्ये मात्र मला काही वाढलेलं जाणवलं नाही, उलट सुगंध थोडा फिका झाला. मुरवायचे तर दमदार सिगार मुरवा, हलके येतील तसे ओढा. सिगारवरचं पारदर्शक सेलोफेनचं वेष्टन काढावं की ठेवावं यावर लोक हिरिरीने भांडतात. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि वाफ आरपार जाऊ देतं, त्यामुळे मी ठेवलं. हाताळताना रॅपर वाचतं, आणि वय वाढतं तसं ते पिवळट होत जातं, हाही वयाचा एक अंदाज.

रॅपरवर पांढरं काही दिसलं की ‘तेल वर आलंय, उत्तम लक्षण’ असं सांगणारे भेटतील. माझा विश्वास नाही. केसाळ, ठिपक्याठिपक्यांनी आलेलं पांढरं किंवा हिरवट म्हणजे बुरशी. तो सिगार बाहेर काढायचा, बुरशी पायाच्या आत शिरलेली दिसली तर फेकून द्यायचा, आणि आर्द्रता उतरवायची.

पेटी मी काढून टाकलेली नाही. तिच्या बिजागरीच्या फटीवर आतून पातळ चिकटपट्टी लावली, त्याने आकडा जरा सावरला. आता तिच्यात ६२ चं पाकीट आणि येत्या आठवड्याभरात ओढायचे चार-पाच सिगार असतात. डब्यातून काढून दोन-तीन दिवस तिथे ठेवले की ते किंचित कोरडे होतात, ड्रॉ (धूर ओढला जाणं) मोकळा होतो आणि मधूनच विझत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी डबा, चांगला मापक आणि पाकिटं घ्यावीत. पेटी घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी अंधारात तिच्यात बॅटरी लावून बघावी.