पेमेंट अडकलंय: क्रेडिट कार्ड की सोनेतारण?

गोरेगावच्या फिल्मसिटीत मालिकांवर काम करणाऱ्यांचं पेमेंट बहुधा ९० दिवसांनी येतं. घरभाडं मात्र दर महिन्याला. मधले महिने कार्डावर काढायचे की सोनं ठेवून?

कार्ड हाताशी असतं, कोणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. पण ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरून बाकी पुढे ढकलली, की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० रुपये तीन महिने थकले तर साधारण ६,२०० गेले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणासुद्धा त्यात आला!

तेवढेच पैसे बँकेतून सोन्यावर वर्षाला १० टक्क्यांनी घेतले, तर तीन महिन्यांचं व्याज १,२५०. मूल्यांकनाचा खर्च वेगळा. हप्त्यांऐवजी मुदतीअखेर एकदम फेडायची सोयही अनेक ठिकाणी मिळते. आईच्या पाटल्या काढायच्या म्हटलं की घरात तोंडं उतरतात, ते निराळंच. आणि थकलंच तर नोटिशीनंतर लिलाव.

काम झालंय, फक्त पैसे यायचेत, अशा वेळी मी सोनंच ठेवेन. पुढचं कामच हाती नसेल तर दोन्ही नको. त्यापेक्षा भाडं कमी करायला विरारकडे सरकलेलं बरं.