पगडीची खोली की अकरा महिन्यांचं घर?

माझी आत्या गिरगावात पगडीच्या खोलीत राहते, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने कायमची घेतलेल्या जागेत. मी बोरिवलीत लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर. तिची भाडेपावती दोनशे रुपयांचीही नाही. माझा निम्मा पगार एक तारखेलाच घरमालकाकडे जातो.

तिच्या भाड्यामागे 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर रोखली. भाडेकरूला सहजी बाहेर काढता येत नाही, हे मोठंच सुख. पण एवढ्याशा भाड्यात मालक डागडुजी कशातून करणार? आत्याच्या जिन्याला टेकू लावलेत आणि पावसाळ्यात छताचे पोपडे ताटात पडतात. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, पण मोडकळीला आलेल्या चाळी काही संपत नाहीत.

माझ्याकडे लिफ्ट आहे, भरपूर पाणी आहे. शाश्वती नाही. 1947 च्या कायद्याच्या जागी आलेल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात अशा करारांच्या भाड्याला कमाल मर्यादा नाही, आणि मुदत संपूनही राहिलं तर दुप्पट रक्कम मोजावी लागते. करार संपला की पुन्हा डिपॉझिट, दलाली, नोंदणी, टेम्पो. गेल्या खेपेला मुलीने बांधलेली खोकी बघून एवढंच विचारलं, "परत?"

जुन्या कायद्याने आत असलेल्यांना सांभाळलं, पण मालकांनी भाड्यासाठी बांधणंच सोडलं आणि नव्याने येणारा रस्त्यावर राहिला. हे मला मान्य आहे. तरी निवडायचं झालं तर मी आत्याची शाश्वतीच घेईन, दरवर्षी रास्त वाढ देऊन. 1999 च्या कायद्यात जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला 4 टक्के वाढ आहेच. मी त्याहून जास्त द्यायला तयार आहे.