उडती कार घ्यावी की एअर टॅक्सीची वाट पाहावी?

बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट 'उडत्या गाड्या' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक तुम्ही विकत घेता, स्वतः उडवता, रात्री गॅरेजमध्ये लावता. दुसरीत नुसतं तिकीट काढून बसता. पहिलीसाठी पैसे अडकवावेत की दुसरीची वाट पाहावी, अशा विचारात असाल तर माझा कल आधीच सांगून टाकतो: वेळ वाचवायचा असेल तर उडती कार कामाची नाही. उडायचीच हौस असेल, तर बोलायला जागा आहे.

२८ जून २०२१ रोजी स्लोव्हाक संशोधक स्टेफान क्लाइन यांनी आपली 'एअरकार' स्लोव्हाकियातल्या नित्राच्या विमानतळावरून उडवली आणि ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला उतरवली. तीन मिनिटांच्या आत पंख मिटून पोटात गेले, शेपूट आखडली आणि तीच गाडी रस्त्याने शहरात शिरली. बघायला भारीच. पण त्या बातमीतला कळीचा शब्द आहे 'विमानतळ'. एअरकारला धावपट्टी लागते आणि तिचं इंजिन पेट्रोलवर चालतं. नेदरलँड्समधली 'पाल-व्ही लिबर्टी' हे खरं तर चाकांवर आलेलं गायरोकॉप्टर. डोक्यावरचं मोठं पातं समोरून येणाऱ्या हवेने फिरतं, त्यामुळे उडण्यासाठी तिलाही आधी धावावं लागतं. ट्रॅफिकमध्ये अडकलो की तिथूनच भुर्रकन उडून जाऊ, हे चित्र डोक्यातून काढून टाका.

मुळात गाडी आणि विमान यांचं पटतच नाही. गाडीला धडक सोसायची असते, म्हणून बंपर, एअरबॅग, जाडजूड सांगाडा. विमानात एकेका किलोचा हिशोब असतो. रस्त्यावर चाकं जमिनीला चिकटून राहायला हवीत, धावपट्टीवर ती सुटायला हवीत. या भांडणात तडजोड करत जे बनतं, ते दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडतं. दुसरी अडचण जाहिरातीत कुणी सांगत नाही. पार्किंगमध्ये कुणी मागे घेताना तुमच्या गाडीला ठोकलं, दाराला पोचा पडला, तर आपण चरफडतो आणि निघतो. तोच पोचा मिटलेल्या पंखाला किंवा शेपटीला पडला, तर जाणकाराने तपासल्याशिवाय ते वाहन हवेत नेता येत नाही. शिवाय परवाने दोन लागतात, गाडीचा आणि वैमानिकाचा.

धावपट्टीशिवाय जागेवरून उडणाऱ्या इलेक्ट्रिक कारचा दावा 'आलेफ' ही अमेरिकन कंपनी करते. तिला २०२३ मध्ये एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाचं, प्रमाणपत्र मिळालं तेव्हा 'उडत्या कारला मंजुरी' असे मथळे झळकले. ते प्रमाणपत्र प्रदर्शन, संशोधन आणि विकास यांपुरतंच होतं. प्रमाणपत्राचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका, ते कशासाठी दिलंय ते वाचा. या गाडीची जाहीर किंमत तीन लाख डॉलर आहे आणि लिबर्टीचीही सुमारे तीन लाख युरोपासून पुढे.

आता एअर टॅक्सी. इथे काम जास्त गंभीरपणे चाललंय, पैसाही जास्त लागलाय. यातही दोन जाती आहेत. चीनच्या ईहँगचं 'ईएच२१६-एस' म्हणजे माणसं बसवता येतील असा मोठा ड्रोन: १६ पाती, दोन प्रवासी आणि वैमानिक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनच्या विमान नियामकाने त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे वाहनाची रचना उड्डाणासाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, दिलं. या प्रकारच्या वाहनाला मिळालेलं हे जगातलं पहिलं. पण त्याला पंख नाहीत. म्हणजे हवेत असेपर्यंत सगळं वजन पात्यांनीच पेलायचं, त्यामुळे पल्ला तीसेक किलोमीटरच्या आसपास थांबतो.

जॉबी आणि आर्चर या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या बॅटरीवर चालणाऱ्या एअर टॅक्सींना पंख लावले. जॉबीचे सहा पंखे उडताना आकाशाकडे तोंड करतात आणि वेग आला की पुढे कलतात. मग भार पंखांवर जातो. एक वैमानिक, चार प्रवासी, ताशी सुमारे ३२० किलोमीटरपर्यंत वेग. या कलण्याला इतकं महत्त्व का? पेट्रोलच्या एका किलोत जवळपास १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम सेलमध्ये अडीचशे-तीनशे. इंजिन पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं हे धरूनही फरक प्रचंड उरतो. जागेवर तरंगताना बॅटरी सगळ्यात भराभर उतरते, म्हणून उभं उडणं आणि उतरणं जमेल तितकं लवकर उरकायचं असतं.

आवाज हा एअर टॅक्सीचा खरा विजय म्हणावा लागेल. नासासोबतच्या मोजणीत जॉबीचं विमान ५०० मीटर उंचीवरून गेलं तेव्हा खाली सुमारे ४५ डेसिबल नोंदले गेले. हेलिकॉप्टरची थडथड ज्यांनी घराच्या गच्चीवरून ऐकलीय त्यांना याचं मोल कळेल.

वेळेचं मात्र कागदावर मांडूनच बघा. समजा रस्त्याने ७५ मिनिटांचा प्रवास आहे. एअर टॅक्सी जिथून उडते त्या तळापर्यंत जायला १५, तपासणी आणि वजनासाठी १५ (सामानासकट तुमचंही वजन होणार, लाजू नका), हवेत ८, उतरून मुक्कामी पोचायला १५. झाली ५३. वाचली २२ मिनिटं. आता दोन्हीकडचे तळ दहा दहा मिनिटांनी लांब धरा. उरली दोन मिनिटं, आणि वारा सुटला तर तीही नाहीत. म्हणून विमानाचा वेग विचारू नका, तळ कुठे होणार ते विचारा. विमानतळ ते शहराचा मध्य अशा ठरीव मार्गावर ही सेवा शोभेल, घर ते ऑफिससाठी क्वचितच.

आणि उशीर गृहीत धरा. व्होलोकॉप्टर ही जर्मन एअर टॅक्सी कंपनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार होती. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही आणि त्याच डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हाच्या सुमारास लिलियम ही दुसरी जर्मन कंपनीही बुडाली. उडत्या कारच्या गोटातही तेच: २००६ मध्ये सुरू झालेल्या टेराफुजिया या अमेरिकन कंपनीच्या 'ट्रान्झिशन' या उडत्या कारला २०२१ च्या जानेवारीत मर्यादित मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी तिथलं काम गुंडाळलं गेलं. एअर टॅक्सी कंपनी बुडाली तर प्रवासी म्हणून तुमचं काही जात नाही. उडत्या कारची अनामत रक्कम भरली असेल तर ती परत मिळते का आणि तोवर कुठल्या खात्यात राहते, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

एकाच माणसाला बसता येणाऱ्या 'जेटसन वन'सारख्या उडत्या खेळण्यांचा उल्लेख केवळ नोंदीसाठी. वीसेक मिनिटांचं उड्डाण, अमेरिकेत परवाना लागत नाही, पण दाट वस्तीवरून नेता येत नाही. प्रवासाचं साधन म्हणून त्याकडे बघूच नये.

हौस असलेल्यांनी आधी एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये तासाभराचं प्रशिक्षण उड्डाण करून पाहावं. छोटं विमान भाड्याने घ्यायचं आणि उतरल्यावर साधी गाडी करायची, यात उडत्या कारचं बहुतेक सगळं सुख मिळतं, तेही फार कमी पैशांत. आणि पहिल्या वीस मिनिटांतच पोटात ढवळायला लागलं, तर तीन लाख युरो वाचले.