परतल्यावरचा पहिला मोसम: भिगवण, ताडोबा की आंबोली?

एडिंबरोत नऊ वर्षं काढून पुण्यात परतलो तेव्हा सामानात दोन लेन्सा, एक ट्रायपॉड आणि एक यादी होती. यादीत ताडोबा सगळ्यात वर. साहजिकच होतं. तीन आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरच्या यादीत वाघच वर असतो. घोळ एवढाच की मी रजेवर आलोच नव्हतो, आणि ते डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं.

गेल्या काही महिन्यांत ओळखीतले तिघे कायमचे परत आले. तिघांनीही एकच विचारलं: कॅमेरा बॅगेतून काढायचा तर पहिल्यांदा कुठे? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगितलं, आता लिहूनच टाकतो. कास, नागझिरा, हरिश्चंद्रगड ही सगळी मंडळी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. ही तीनच ठिकाणं घेतली, कारण तिन्हींचा ऋतू वेगळा आणि काम करायची तऱ्हाही वेगळी: भिगवणला होडीतून पक्षी, ताडोबाला जिप्सीतून प्राणी, आंबोलीला रात्री पायी हिंडत बेडूक नि साप.

आधी उजेड

जागेच्याही आधी हे, कारण परतलेल्या माणसाचा पहिला घात इथेच होतो. एडिंबरोत डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येतो. दिवस आखूड, पण असेल तेवढा सगळा तिरप्या, मऊ उन्हाचा. त्याच सुमारास पुण्यात दुपारचा सूर्य 48 अंशांवर असतो. मेच्या मध्याला तर तो थेट डोक्यावर येतो आणि आपण शून्य सावलीचा दिवस साजरा करतो. उत्तरेकडून आलेल्या माणसाला सकाळी अकराला निघायची सवय असते. इथे हिवाळ्यातही नऊ-साडेनऊनंतर बगळ्याच्या पांढऱ्या पिसांतला तपशील जळून जातो आणि पोटाखाली काळी सावली पडते.

म्हणजे भिगवणला सकाळचे दोन-अडीच तास खरे. ताडोबाला सफारीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो तो बऱ्याचदा नेमका भाजणाऱ्या उन्हात. आंबोलीला हा प्रश्नच नाही: दिवसा ढग, रात्री तुमचाच फ्लॅश.

भिगवण

उजनी धरणाचं मागचं पाणी. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. पहाटे चारला निघालं की उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचता येतं, आणि दुपारच्या जेवणाला घरी. या एका सोयीपुढे मला बाकीचे सगळे मुद्दे फिके वाटतात, पण ते नंतर.

इथल्या होड्या कोळ्यांच्या. पिढीजात मासेमारी करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी पक्षी दाखवण्याची कला कमावली आहे, आणि ती फार वरच्या दर्जाची आहे. मासे कुठे आहेत हे ज्याला कळतं त्याला नदीसुरय कुठे सूर मारणार हेही कळतं. माझे होडीवाले काका इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलतात आणि सूर्य कायम माझ्या पाठीशी ठेवतात. हे मी त्यांना एकदाही सांगितलेलं नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, "उडवू का, साहेब?" फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उडाले की पंखांखालचा लाल-काळा रंग दिसतो आणि सगळ्यांना तोच फोटो हवा असतो. मी नको म्हटलं. तेव्हापासून ते विचारत नाहीत, पण दुसरी होडी थव्यावर जाताना दिसली की मान हलवून माझ्याकडे बघतात. तुम्हीही निघण्याआधीच सांगून टाका. थवा वारंवार उठवला की त्याचं चरणं मोडतं. शिवाय शांतपणे थांबलात तर तासाभरात चार-दोन पक्षी आपसूक उडतातच.

मोसमाचं गणित मात्र कॅलेंडरवर चालत नाही, पाण्याच्या पातळीवर चालतं. रोहितांना गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी धरण तुडुंब असतं, चिखल उघडा पडायला उशीर लागतो आणि रोहितही उशिरा दिसतात. नोव्हेंबरात जाऊन "काहीच नव्हतं" म्हणत परतणारे बहुतेक यामुळे फसलेले असतात. तोवर पट्टकदंब असतात, हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या मिरवणारे. चित्रबलाक असतात, कुरव तर हाताशी येतात. जानेवारी ते मार्च हा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

लेन्स 400 मिलिमीटरपर्यंतची पुरते. ट्रायपॉड घरी ठेवा. होडीत तळाला बसून कॅमेरा काठावर टेकवायचा, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येता. माझ्या दृष्टीने ताडोबापेक्षा भिगवण सरस ठरतं ते याच एका गोष्टीत. कोन तुमच्या हातात असतो.

उन्हं चढल्यावर जवळच्या कडबनवाडीच्या माळाकडे वळता येतं. चिंकारा, लांडगा, शिकारी पक्षी. वन विभागाने तिथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. किंवा सरळ काठावर बसून चिलापीचं कालवण. बहुतेक वेळा मी दुसरा पर्याय निवडतो.

ताडोबा

इथे परतलेल्या माणसाला सगळ्यात मोठा झटका बसतो. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने हिंडायचा हक्क आहे. तंबू पाठीवर टाकायचा आणि चालू लागायचं. ताडोबात गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही. कुठल्या गेटमधून आत जायचं हे आधी ठरतं, बुकिंग त्याच गेटचं असतं, सोबत गाइड सक्तीचा, बाहेर पडायची वेळ ठरलेली, मोबाइल वापरायला बंदी. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंदच असतो, तेव्हा बफरवर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यावर, समाधान मानावं लागतं. हे नियम योग्यच आहेत. वाघाच्या घरात माणसांनी पायी भटकू नये. पण रानात एकट्याने हिंडायची सवय लागलेल्या माणसाला पहिले दोन दिवस गुदमरायला होतं.

माझ्या पहिल्या तीन सफाऱ्यांत वाघ दिसला नाही. चौथीत दिसला: पुढे सात गाड्या, त्यांच्यामधून वाघाची पाठ आणि शेपूट. ती फ्रेम अजून जपून ठेवली आहे, पण कुणाला दाखवत नाही. पाचव्या सफारीत गाइडने गाडी एका वळणावर थांबवली आणि वीस मिनिटं आम्ही नुसते ऐकत बसलो. आधी चितळाचा धोक्याचा इशारा देणारा कॉल, मग वानराचा, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी बांबूतून बाहेर पडले ते रानकुत्रे. अकरा होते. गाइड म्हणाला, "वाघापेक्षा भारी काम झालं तुमचं." ते खरं होतं, पण मला पटायला आणखी एक वर्ष गेलं.

चंद्रपूर जिल्ह्यातलं हे जंगल 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1995 साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, भोवतीचं बफर त्याच्या दुपटीच्या जवळपास. साग आणि बांबू. वाघ दिसायची शक्यता एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त, कारण पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. पण चंद्रपूरचा मे म्हणजे 45 अंशांची भट्टी. थंड देशातून नुकतंच आलेलं शरीर ते सोसतंच असं नाही. पहिल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. वाघ कमी दिसेल, तुम्ही शाबूत राहाल.

सामानात लेन्स टेकवायला बीनबॅग हवी. झूम 150 ते 600 किंवा तत्सम. धुळीत लेन्स बदलू नका, दोन कॅमेरे असतील तर दोन्ही न्या. ज्यांनी नागरिकत्व बदललं आहे पण ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, त्यांना राष्ट्रीय उद्यानांत भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो, म्हणून कार्ड जवळ ठेवा. ड्रोन आणायचा बेत असेल तर सोडा. तयार ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून बंदी आहे, आणि व्याघ्र प्रकल्पावर तो उडवायचा तर विचारही नको.

खर्चात ताडोबा तिन्हींत सगळ्यात वर, आणि फरक थोडाथोडका नाही. जिप्सी, गाइड, गेटजवळचा मुक्काम, पुण्याहून नागपूरचा प्रवास. एका ताडोबाच्या खर्चात भिगवणच्या अनेक खेपा होतात.

आंबोली

ज्यांच्याकडे मॅक्रो, म्हणजे छोटे जीव अगदी जवळून टिपणारी, लेन्स नाही त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र भिगवणच्याही आधी इथे यावं, असं म्हणायचा मोह होतो.

सिंधुदुर्गातलं घाटमाथ्यावरचं गाव, राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. जूनच्या पहिल्या सरींबरोबर इथल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आंबोली टोड बाहेर पडतो. अंगावर वाघासारखे पट्टे असल्याने शास्त्रीय नावात ‘टायग्रिना’ आलेला हा बेडकाच्या जातकुळीतला छोटा प्राणी 2009 साली स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. ताडोबाला पाच सफाऱ्यांत जेवढे पट्टे बघितले नसतील तेवढे इथे एका संध्याकाळी दिसतात, असं मी गमतीने सांगतो. पाण्यावर झुकलेल्या पानांना मलबार उडत्या बेडकांची फेसाची घरटी लटकलेली असतात. चापडा साप फांदीवर तासन्‌तास हलत नाही. फोटोग्राफरला आणखी काय पाहिजे?

इथे गर्दी असते ती धबधब्यावर. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन स्थानिक जाणकाराबरोबर निघालात की रस्त्यावर तुम्ही आणि पाऊस. एकट्याने मात्र जायचं नाही, आणि बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवायचा नाही. फ्लॅश मोजका.

त्रास सगळा सामानाला. मी पहिल्या रात्री एसी लावलेल्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर नेला आणि पाऊण तास काच पुसत बसलो. एसी नसलेली खोली घ्या, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, घरी आल्यावर लेन्स कोरड्या डब्यात ठेवा. परदेशात कपाटात वर्षानुवर्षं बिनघोर पडलेल्या लेन्सला इथे एका पावसाळ्यात बुरशी धरते.

पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किमान दोन मुक्काम.

मग कुठे?

घरचे बरोबर असतील, लहान मूल किंवा आईवडील असतील, तर भिगवण. त्यांना होडीत दोन तास आवडतात आणि दुपारी घरी येता येतं. आंबोलीला रात्रीच्या पावसात मागे उभं राहायला कुणी तयार होत नाही, तुम्ही कितीही गोडीने विचारा. ताडोबा घरच्यांना आवडतं, पण वाघ दिसला नाही तर परतीचा प्रवास लांबतो.

वाघाचा फोटो हीच एकमेव इच्छा असेल तर वळसे कशाला, ताडोबालाच जा, फक्त चारपेक्षा कमी सफाऱ्यांचं बुकिंग करू नका. दोन सफाऱ्यांवर सगळी आशा ठेवणं ही रजेवर आलेल्याची चाल.

आणि माझा कौल भिगवणला. तीन ठिकाणांत ते सगळ्यात भारी आहे म्हणून नव्हे. मला विचाराल तर आंबोली जास्त श्रीमंत आहे. भिगवणला पुढच्या रविवारी परत जाता येतं, म्हणून. रजेवर आलेला माणूस एका खेपेत सगळं टिपायला बघतो, आणि मीही पहिलं वर्ष तसंच उधळलं: तिन्ही ठिकाणं एकेकदा, तिन्हीकडचे फोटो सारखेच पोरके. दुसऱ्या वर्षी डिसेंबर ते मार्च नऊ वेळा भिगवणला गेलो. पहिल्या चार खेपांतलं जवळजवळ काहीच ठेवलं नाही. पाचव्या खेपेला धुकं होतं, काठही दिसत नव्हता, काका म्हणाले आज काही मिळायचं नाही. मी म्हटलं, काढा होडी.

ताडोबा तिसऱ्या वर्षासाठी ठेवलं. बुकिंग आता झालंय, मार्चमधल्या पाच सफाऱ्या, एकच गेट.