कांद्याच्या डोंगळ्यांत (बियाण्याच्या फुलदांड्यांत) सातेरी मधमाशी की मेलिफेरा?

कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे बी धरायचं तर दुसऱ्या फुलाचा पराग हवाच, आणि तो आणते मधमाशी. नाशिकच्या शेतकऱ्यांनी यासाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात, पण कोणत्या माशीच्या?

सातेरी आपली इथलीच, पोकळ झाडांत राहणारी. सकाळच्या गारव्यातही ती लवकर कामाला लागते. कांद्याच्या फुलांच्या गोंड्यावर बसलेली सातेरी जवळून बघा. सोंड आत घालून मध घेताना अंगाला पराग चिकटतो, मग ती तो पायांनी विंचरून मागच्या पायांवर पिवळी गोळी करते. उरलासुरला अंगावरचा पराग पुढच्या फुलाला लागतो. आपलं काम एवढ्यानंच होतं! माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ या बारीक कोळ्यालाही ती बऱ्यापैकी तोंड देते. खोट एकच, खाणं कमी पडलं किंवा त्रास झाला की वसाहत पेटी सोडून निघून जाते.

मेलिफेरा परदेशी. १९६२मध्ये हिमाचलातल्या नगरोटा बगवां इथे ती भारतात स्थिरावली. वसाहत मोठी, उडण्याचा पल्ला लांब, मधही जास्त. पण फुलं नसताना साखरेचा पाक द्यावा लागतो, व्हरोआकडे लक्ष ठेवावं लागतं.

छोट्या प्लॉटला मी सातेरीच सुचवेन. मोठ्या सलग क्षेत्राला मेलिफेरा बरी. द्राक्षाला मात्र दोन्हींची फारशी गरज नाही, ते बहुतांशी स्वतःच फळतं. आणि पेटी कोणतीही असो, फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा फवारा.