एकाच पानावर दोन 'ईसी' : शेतीच्या शब्दांची खिशातली पुस्तिका, दोन हंगाम वापरून

माती परीक्षणाचा पहिला अहवाल हातात आला तेव्हा 'ईसी ०.४२' ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. आठच दिवसांपूर्वी फवारणीच्या बाटलीवर '२५ ईसी' असं वाचलेलं. मला वाटलं, बाटलीतलं औषध जमिनीत मुरलंय आणि तेच तपासणीत सापडलंय. दोन रात्री झोप नाही. शेवटी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तो ईसी वेगळा, हा ईसी वेगळा." वेगळा म्हणजे कसा, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

त्यानंतर ही पुस्तिका घेतली. शेतीतले साडेतीनशेच्या आसपास शब्द, अकारविल्हे लावलेले, प्रत्येकाला चार-सहा ओळी. तळहाताएवढा आकार. दोन हंगाम ती फवारणीच्या पेटीत पडून आहे, म्हणजे वापर नुसता कौतुकापुरता झालेला नाही.

माझे दोन्ही ईसी तिच्यात एकाखाली एक सापडले आणि जीव भांड्यात पडला. बाटलीवरचा ईसी म्हणजे औषधाचं रूप. कीटकनाशक तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं आणि पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. आधीचा २५ हा आकडा म्हणजे त्यात सक्रिय घटक २५ टक्के. मातीतला ईसी म्हणजे विद्युत वाहकता. मातीच्या पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, त्यावरून जमीन खारावली आहे का ते कळतं. एवढं समजायला मला दोन रात्री लागल्या होत्या, इथे दोन मिनिटं लागली.

पण याच नोंदीत एक खोड आहे, आणि ती बारीक नाही. पुस्तिका म्हणते, ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त. हा ४ चा आकडा खरा, पण तो संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काचा. माझ्या अहवालाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात '१:२.५' छापलेलं होतं, म्हणजे एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजणी केलेली. पाणी वाढलं की क्षार पातळ होतात आणि आकडा खाली येतो. अशा अहवालात १.५ दिसला म्हणून '४ पेक्षा कितीतरी कमी आहे' असं म्हणत निवांत बसलेला माणूस फसेल. एक ओळ जास्त छापली असती तर बिघडलं नसतं.

खताच्या गोणीवरच्या आकड्यांचं असंच झालंय. १८:४६:० (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅश, या क्रमाने) समजावताना 'स्फुरद ४६ टक्के' असं ठोकून दिलंय. गोणीवरचा ४६ हा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेला असतो, निव्वळ फॉस्फरस साधारण २० टक्केच. खताची शिफारस बहुतेक त्याच रूपात येते, म्हणून एरवी अडत नाही. अडतं ते अहवालात निव्वळ मूलद्रव्य दिलेलं असेल तेव्हा. तिथे फॉस्फरसला २.२९ ने गुणायचं आणि पोटॅशियमला १.२ ने, मग दोन्ही बाजू जुळतात. मी हे दोन आकडे पेनाने समासात लिहून ठेवलेत.

आता कौतुक. 'पीपीएम'ची नोंद या पुस्तिकेतली सगळ्यात कामाची. दहा लाख भागांत एक भाग हे कुणीही सांगेल, त्याने पंप भरताना काय होतं? इथे सरळ लिहिलंय : १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणून १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम. टक्क्यात सांगायचं तर १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. खाली टीपही आहे की जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या संजीवकाची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी. मी त्याआधी टोपणाने मोजत होते. टोपणाने! एका हंगामात शेंडे काडीसारखे लांबलचक वाढले होते, त्याचं कारण हे पान वाचताना लक्षात आलं.

दुसरी आवडलेली नोंद 'कर्ब-नत्र गुणोत्तर'. पेरणीच्या तोंडावर मी हौसेने गव्हाचं काड कुटून जमिनीत मिसळलं होतं आणि पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली. काडात कर्बाचं, म्हणजे कार्बनचं, प्रमाण नत्राच्या साधारण ८० पट. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर वाढवायला नत्र लागतं, काडात ते पुरेसं नसतं, मग ते जमिनीतलं उचलतात आणि पीक उपाशी राहतं. कुजणं पुरं झालं की नत्र परत सुटतं, पण तोवर रोपाचं बालपण गेलेलं असतं. पुस्तिकेने हे पाच ओळींत सांगितलंय. उपायही आहे : काड आधी कुजवून घाला, नाहीतर सोबत थोडं नत्र द्या.

'आर्थिक नुकसानीची पातळी' मात्र घाईत उरकली आहे. किडीने केलेलं नुकसान आणि फवारणीचा खर्च जिथे बरोबरीला येतो ती नुकसानीची पातळी. त्याच्या अलीकडे जिथे हालचाल करायची ती इशाऱ्याची पातळी. पुस्तिकेने दोन्ही एकाच शब्दात कोंबल्या आहेत. नुकसान होईपर्यंत वाट बघून मग पंप पाठीवर घ्यायचा असाच अर्थ कुणीही काढेल.

मांडणीबद्दल थोडं. इंग्रजी आद्याक्षरांचे शब्दही अकारविल्हेच लावलेत, त्यामुळे 'पीएच' आणि 'पीएचआय' शेजारी आलेत. एक मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक (७ म्हणजे ना आम्ल, ना विम्ल), दुसरा शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस. उन्हात घाईघाईने बघताना माझ्या मुलीने एकदा 'पीएचआय ७' हे वाचून सांगितलं, "आई, जमीन एकदम चांगली आहे." तेव्हापासून ते पान तिच्या नावाने ओळखलं जातं. कागद बरा आहे. शिवण दुसऱ्या हंगामात सैल पडली.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही पुस्तिका शेतकऱ्यासाठी म्हणून लिहिली, पण लिहिणाऱ्याने शेतकऱ्याचे शब्द ऐकलेले दिसत नाहीत. 'क्षेत्र जलधारण क्षमता' आहे. तिच्यात 'एक तृतीयांश वातावरणाच्या ताणाला मातीत टिकून राहणारं पाणी' आहे. 'वाफसा' नाही! आमचे मामंजी वाफसा बघायला कुठलंही यंत्र वापरत नाहीत. वीतभर खोलवरची माती मुठीत घेतात, दाबून गोळा करतात आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडतात. गोळा पडून फुटला तर औत घाला, चपटा होऊन बसला तर अजून थांबा, गोळाच झाला नाही तर उशीर केलात. वाफसा आणि ती जलधारण क्षमता अगदी एकच नव्हेत हे मलाही माहीत आहे. एक पाणी मोजते, दुसरा मशागतीला जमीन तयार आहे का ते सांगतो. पण मग तसं लिहा ना, शब्दच गाळून टाकू नका.

आणि तो बूट. तृणधान्याचं कणीस पानाच्या आवरणात फुगून बसलेलं असतं, अजून बाहेर डोकावलेलं नसतं, त्या अवस्थेला पुस्तिकेत 'बूट अवस्था' म्हटलंय. वाचून मी मोठ्याने हसले. पीक पोटरीत आलं असं आपण कितीतरी पिढ्या म्हणतोय. पोटरी सोडून खाली बुटापर्यंत उतरायची काय गरज होती? त्याच्यापुढे कणीस बाहेर पडतं ते 'निसवणे' नाही, दाण्यात दुधासारखा चीक भरतो ते 'चिकात येणे' नाही. 'नांग्या भरणे'सुद्धा 'रिक्त जागी पुनर्लागण' या नावाखाली शोधावं लागतं, म्हणजे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते सापडणार.

तरी मी ही घ्या म्हणेन. गोणी, बाटली, अहवाल, बियाण्याचं पाकीट, यांवर जे छापून येतं ते वाचायला हिच्याइतकं सुटसुटीत काही माझ्या हातात आलेलं नाही. 'प्रतिकारक' वाणावर रोग टिकत नाही आणि 'सहनशील' वाणावर रोग येतो पण उत्पादन फारसं घटत नाही, एवढा एक फरक बियाणं निवडताना कळला तरी खूप. फक्त आकड्यांच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या.

मागची चार पानं 'टिपा' म्हणून कोरी सोडली आहेत. त्यांवर मी मामंजींना विचारून शब्द लिहायला घेतलेत. वाफसा पहिला. सतरा झाले. अठराव्याला, पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या मशागतीच्या शब्दाला, अडलंय, कारण मामंजी म्हणतात कोळपणी लिही आणि सासूबाई म्हणतात त्यांच्या माहेरी तिला डवरणी म्हणतात, शिवाय कोळपं वेगळं आणि डवरा वेगळा. तीन दिवस झाले, ती ओळ अजून रिकामीच आहे.