रॅम 'मोकळी' करणाऱ्या बटणाचे पैसे

लग्नसराईत पत्रिकांची कामं अंगावर आणि दुकानातला कॉम्प्युटर ४ जीबी रॅमचा. पत्रिका मांडायचं कोरल, क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब एकदम उघडलं की माउससुद्धा अडखळायचा. म्हणून एक चिमुकलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. घड्याळाशेजारी बसून ते रॅम किती भरली हे दाखवायचं. आकडा लालभडक, ९१ टक्के. बटण दाबलं की झर्रकन ४० वर. थोडे दिवस फुकट चाललं, मग बटणाला कुलूप. वर्षाचे ८९९ रुपये यूपीआयने भरले.

आकडा खोटा नसतो, खरी मेख तिथेच आहे. चालू प्रोग्रामच्या ताब्यातली मेमरी काढून घेण्याची सोय विंडोजमध्येच असते. हे सॉफ्टवेअर ती सरसकट सगळ्यांवर चालवतं. आकडा उतरतो, पण काढून घेतलेला बराचसा डेटा पुन्हा लागतो, आणि मधल्या वेळात तो डिस्कवर गेला असेल तर तिथून ओढून आणावा लागतो. शिदोरी घरी धाडून पिशवी हलकी झाली म्हणायचं, तसलाच प्रकार. बटण दाबून पत्रिकेकडे वळलं की डिस्कचा दिवा पेटलेलाच, आणि पडद्यावर गणपती पट्ट्यापट्ट्याने उमटायचा.

भाच्याने टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडला. मेमरीच्या टॅबमध्ये हिरवा पट्टा वापरातल्या रॅमचा, गडद निळा स्टँडबायचा, म्हणजे जुना डेटा धरून ठेवलेल्या पण लागली तर देता येणाऱ्या रॅमचा. "मामा, आता दाबा." हिरवा आखडला, निळा फुगला. मग कोरल उघडताच शेजारचा हार्ड फॉल्ट्सचा, म्हणजे डेटा डिस्कवरून किती वेळा ओढून आणावा लागला त्याचा, आलेख उसळला. निळा भाग भरलेला दिसला तरी लागेल तेव्हा विंडोज तो लगेच देतं, त्यासाठी कुणाला पैसे मोजायला नकोत. आणि ही माहिती बघायची सोय कॉम्प्युटरमध्ये आधीपासून फुकट होतीच!

धंदा जुनाच आहे म्हणा. १९९५ साली 'सॉफ्टरॅम ९५' रॅम दुप्पट करतो म्हणून अमेरिकेत धडाक्यात खपलं. पुढच्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तो दावा खोटा ठरवून कंपनीवर कारवाई केली.

माझा दुसरा फटका वर्षाने बसला. सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलं होतं, तरी खात्यातून १,७९९ गेले. पहिल्या पेमेंटलाच ऑटोपेची, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची, परवानगी घेतलेली, आणि तिची मर्यादा ८९९ नव्हे, ५,००० रुपये! हे आकडे मंजुरीच्या पडद्यावर बारीक अक्षरात असतात. कटायच्या आदल्या दिवशी एसएमएस येतो, पण तो जाहिरातींच्या गर्दीत बुडतो. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी ऑटोपे चालूच राहतं. ते यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन, पिन टाकून वेगळं रद्द करावं लागतं. मी केलं. कंपनीला मेल टाकला तर 'नूतनीकरणाबद्दल धन्यवाद' असं छापील उत्तर. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. दुकानात मात्र ८ जीबीची नवी पट्टी बसवली आहे.